वर ठेवलेले आवाज

पत्रक कसं वाचायचं हे मला शाळेत जायच्या आधी कळलं. बाबा शेतमजुरांच्या संघटनेत होते आणि आमच्या घरात जेवायला बसायचं तर आधी जमिनीवरचे पत्रकांचे गठ्ठे उचलावे लागत. चांगल्या पत्रकात कोण बोलतंय आणि काय मागतंय हे पहिल्या दोन ओळींत समजतं. म्हणून आम्ही जिच्याकडे फाइली ठेवायचो त्या परदेशी कंपनीचं ईमेल उघडलं, तेव्हा पहिल्या दोन ओळी वाचूनच मला संशय आला. ‘तुमच्यासाठी आम्ही आमची सेवा अधिक चांगली करत आहोत,’ एवढंच त्यात होतं. मागणी पार खाली, बारीक अक्षरात होती. फुकट मिळणारी जागा महिनाअखेरीस कमी होणार. त्या जागेत न मावणाऱ्या खात्याला कुलूप लागणार आणि पुढे ते पुसलं जाणार. सगळं ठेवायचं असेल तर वर्षाचे पैसे डॉलरमध्ये, आणि तेही आंतरराष्ट्रीय कार्डावरच भरायचे.

हिंगोलीत एसटी डेपोसमोरच्या आमच्या संगणक केंद्रात ते ईमेल मी तीनदा वाचलं. मग भाऊंना हाक मारली.

शेषरावभाऊ हे केंद्राचे मालक. आधी त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मी तिथेच मराठी टायपिंग शिकले आणि तिथेच शिकवायला लागले. हिंगोली जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, टाइपरायटर हळूहळू माळ्यावर गेले आणि त्यांच्या जागी संगणक आले. खुर्च्या मात्र त्याच राहिल्या. लोकांना वाटतं, संगणक केंद्रात बसणारी बाई म्हणजे बटणं दाबणारी बाई. आमचं निम्मं काम दुसऱ्याची वस्तू सांभाळण्याचं असतं. माणूस अर्ज टाइप करून घेतो, लग्नासाठी मुलीची माहिती छापून घेतो, भावाला रागाचं पत्र लिहून घेतो आणि उठून जातो. त्याचं सगळं आमच्या मशीनवर मागे राहतं.

हे मागे राहिलेलं महागात पडतं, हे एका राजीनाम्यानं शिकवलं. एका शिक्षकानं सकाळी आमच्याकडे राजीनामा टाइप करून घेतला. अजून दिला नव्हता, नुसता खिशात ठेवला होता. त्याच खुर्चीवर नंतर बसलेल्या गिऱ्हाइकानं तो मशीनवर वाचला. संध्याकाळी शिक्षकाचे वडील दुकानात आले आणि मला म्हणाले, “आमच्या पोराची नोकरी तुमी काहून सोडवली?” तेव्हापासून मी नियम केला. शटर ओढायच्या आधी प्रत्येक मशीन झाडायचं, म्हणजे त्यावरचं सगळं पुसून टाकायचं. गिऱ्हाइकाची एकही फाइल रात्री आमच्याकडे मुक्कामाला राहणार नाही. भाऊ आधी हसले, पण हळूहळू त्यांनाही सवय लागली. संध्याकाळी समोरच्या ओळीतली मशीनं ते झाडत, भिंतीकडची मी. उदबत्ती लावण्याइतकं ते काम आमच्या अंगवळणी पडलं.

ज्यांना आपली वस्तू परत हवी असे, त्यांची आम्ही ‘वर’ ठेवायचो. क्लाउड हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता. वर म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या एखाद्या कंपनीच्या मोठ्या संगणकात. खातं काढायचं, फाइल वर चढवायची, परवलीचा शब्द लक्षात ठेवायचा आणि कुठल्याही गावात बसून ती उतरवून घ्यायची. भाऊ गिऱ्हाइकांना समजावताना म्हणत, “गिरणीत दळणाचा डबा ठेवून जाता ना? तसं. फक्त गिरणीवाला दिसत न्हाई.”

आमचा सगळ्यात मोठा डबा प्रल्हादचा होता.

प्रल्हाद राठोड सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. लहानपणीच्या तापात त्याची दृष्टी गेली. अंधशाळेत शिकला, बीए झाला आणि औरंगाबादच्या वसतिगृहात राहून सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. पहिल्यांदा आला तो एक पत्र वाचून घ्यायला. मी वाचलं. तो म्हणाला, “ताई, परत एकदा वाचा. पत्रासाठी न्हाई, आवाजासाठी. तुमचा आवाज फुकट चालला.” परीक्षेची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळत नव्हती. कुणी वाचून दिलं तरच त्याचा अभ्यास.

तेव्हापासून त्याची सगळी पत्रं मी वाचायची आणि पुस्तकंही. दुपारी गिऱ्हाईक कमी असे तेव्हा हेडफोनचा माइक तोंडाशी धरून मी राज्यघटना वाचून संगणकात भरायचे. इतिहास भाऊंनी घेतला. ते सुपारी चघळत वाचत, त्यामुळे पेशव्यांच्या प्रत्येक मोहिमेत एक कटकट आवाज होता. भूगोल आणि अर्थशास्त्र शेखचाचांकडे. ते डेपोत वाहतूक नियंत्रक, गाड्या कुठल्या फलाटाला लागल्यात हे भोंग्यावरून सांगणारे. त्यांचा आवाज असा, की नद्यांची नावं वाचली तरी माणूस पिशवी उचलून उभा राहील.

“चाचा, तुमी गोदावरी म्हणता तवा वाटतं गोदावरी सुटून राहिली,” प्रल्हाद म्हणायचा.

“सुटेगीच. टाइम पे सुटेगी,” चाचा म्हणत.

माझ्याबद्दल त्याची तक्रार वेगळी होती. कलम वाचता वाचता मला राहवत नसे. किमान वेतनाचं काही आलं की मी पुस्तक बाजूला ठेवून बाबांच्या मजुरांचं सांगायचे, कोणी कसं बुडवलं ते. सराव परीक्षेत प्रल्हादनं त्यातलं थोडं उत्तरात सांगितलं आणि त्याचे गुण गेले. “ताई, मला कळंना झालंय, घटना कुठं संपली अन् तुमी कुठं सुरू झाला.”

हे आवाज वर ठेवण्याला कारण होतं. सीडी एसटीच्या धक्क्यांत ओरखडून जात. त्याची पेनड्राइव्ह एका व्हायरसनं खाल्ली. दुकानातली एक हार्ड डिस्क लाइट येता-जाता जळाली, तिच्यात अख्खा मध्ययुगीन भारत गेला. वसतिगृहाजवळच्या केंद्रात त्याला वापरायला मिळणारं मशीन सगळ्यांचं होतं, तिथे काही साठवता येत नसे. मग वर चढवायचं आणि तिकडे त्यानं रोज हवं ते उतरवून ऐकायचं, असं ठरलं. प्रल्हादच्या नावाचं एकच खातं आणि त्यात तीन माणसांचे कित्येक महिने.

ईमेल आलं त्याच्या पुढच्याच महिन्यात त्याची परीक्षा होती. वयाच्या अटीनं शेवटची.

भाऊंनी ईमेल ऐकून घेतलं आणि म्हणाले, “डॉलर जाऊ दे. कार्ड कुणापाशी हाय?”

कार्ड शोधायला आम्ही गावभर फिरलो. बँकेत सांगितलं, तसलं कार्ड नांदेडला मिळेल, तीन वर्षांचं विवरण आणा. हळदीच्या अडतीवरच्या एका व्यापाऱ्याकडे होतं. पैसे रोख घ्या, नंबर तेवढा टाकू द्या, असं मी म्हटलं. त्यानं कार्ड खिशातून काढलं, आम्हाला लांबून दाखवलं आणि परत ठेवलं. “पोराला नंबर दिला न्हाई मी, तर तुमच्या डबड्याला देऊ?” त्याचा राग आला, पण त्याचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

मग भाऊंनी त्यांचा उपाय काढला. “एका खात्यात मावत न्हाई ना? मी सात काढतो. नावाला काय तोटा? आमच्या बैलाच्या नावानं काढतो.”

नियमात लिहिलं होतं, एका माणसाचं एक खातं, खऱ्या नावानं. मी म्हणाले, खोट्या नावानं काढणार नाही.

“त्या कंपनीनं तुला सरळ सांगितलं का? बारीक अक्षरात सांगितलं. तिचा कसला नियम पाळती?”

“ती लबाड आहे म्हणून मी लबाड व्हायचं का?”

“व्हय,” भाऊ म्हणाले. “महिनाभर.”

आमचं भांडण दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी प्रल्हादचा फोन आला. भाऊंनी त्याला सगळं सांगितलंच होतं. तो शांतपणे म्हणाला, “ताई, तुमचं तत्त्व माझ्या परीक्षेनंतर पाळता येईल का?”

मी फोन ठेवला, डेपोत गेले आणि चाचांच्या खोलीत बसून सगळं बोलून टाकलं. चाचांनी मध्येच परभणी गाडी भोंग्यावरून सांगितली, मग माझ्याकडे वळले. “इसमें झूट काहेकू बोलना? आवाज मेरा है, तो मेरे नाम का खाता खोलो. तेरा तेरे नाम से, शेषराव का उसके नाम से. तीन आदमी, तीन खाते.”

इतकं सोपं होतं. प्रत्येकानं आपला आवाज आपल्या नावावर ठेवायचा. तिन्ही खात्यांची जागा मिळून सगळं जेमतेम बसत होतं. चाचांनी आयुष्यातलं पहिलं ईमेल खातं काढलं आणि परवलीचा शब्द म्हणून एका गाडीचा नंबर दिला. तिन्ही शब्द प्रल्हादला फोनवर सांगितले.

पण कंपनीनं नुसते दर बदलले नव्हते, सगळी मांडणीच बदलली होती. आधी पान उघडून एकेक फाइल वर चढवायची असे. आता त्यांचा प्रोग्राम मशीनवर बसवायचा, तो एक फोल्डर तयार करतो, त्यात टाकलेलं आपोआप वर जातं. उतरवून घ्यायला पान चालू होतं, चढवायची जुनी वाट बंद. मला हे सोयीचंच वाटलं.

जुन्या खात्यातून सगळं खाली उतरवायचं आणि तीन फोल्डरांतून परत वर पाठवायचं. भारनियमनात दिवसाचे कितीतरी तास वीज नसे. अर्धी फाइल उतरली की लाइट जायची आणि ती पुन्हा पहिल्यापासून. मी तो पूर्ण पंधरवडा संगणकाच्या पडद्यावर सरकणाऱ्या निळ्या पट्टीकडे बघत काढला. गिऱ्हाइकांशी तुसडेपणानं बोलले. जेवताना पंखा थांबला की घास हातात राही. माझ्या आणि भाऊंच्या फाइली कडेच्या दोन मशीनवर होत्या, चाचांच्या दारालगतच्या. महिना संपायच्या दिवशी दुपारनंतर शेवटची फाइल गेली. तिन्ही फोल्डरांवर हिरवी खूण आली. भाऊंनी भजी मागवली. मी प्रल्हादला कळवलं, सगळं वर पोचलं. तो म्हणाला, “आज झोपतो मग.”

शटर ओढायची वेळ झाली, नेट बंद केलं. भाऊंनी आपली ओळ झाडली, मी माझी. दारालगतचं मशीन झाडायच्या आधीच वीज गेली, म्हणून ते तसंच राहिलं. उरलेली तोवर रोजच्यासारखी स्वच्छ झाली होती. वर गेलेलं इथे कशाला ठेवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रल्हादचा फोन. आवाज अगदी सावकाश. “ताई, चाचांचं तेवढं हाय. तुमचं खातं रिकामं हाय. भाऊंचंबी.”

मी म्हटलं, शब्द चुकला असेल. तो म्हणाला, शब्द बराबर हाय, खातं उघडतंय, आत काही नाही. मी स्वतः उघडून पाहिलं. काहीच नव्हतं.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला हवं, कारण आम्हालाच ते समजायला सकाळ गेली. आधीची ‘वर’ची जागा कोठारासारखी होती. इथलं काढलं तरी तिथलं राहायचं, आमची सगळी कामाची रीत त्यावर उभी होती. नवं फोल्डर आरशासारखं होतं. इथे टाकलं की तिथे दिसणार, इथे पुसलं की तिथलंही पुसणार. सकाळी मशीनं सुरू झाली, प्रोग्रामनं दोन फोल्डर रिकामे पाहिले आणि वरही तसंच करून टाकलं. ज्याच्या घरी एकच संगणक असतो आणि त्याच्यावर दुसरं कुणी बसत नाही, त्याला हे सोयीचं असेल. ज्या दुकानात एका खुर्चीवर दिवसभरात गाव बसून जातं, तिथे झाडून काढणं हीच इमानदारी असते, हे ती रचना करणाऱ्याच्या मनातही आलं नसणार. जुन्या खात्याला आदल्या रात्रीच कुलूप लागलं होतं. पुसलेलं परत मिळवण्याची सोय होती, पण ती पैसे भरणाऱ्यांसाठी.

मी कंपनीला पत्र लिहिलं. इंग्रजी तोडकंमोडकं, पण पत्रक पक्कं: कोण बोलतंय, काय मागतंय, दोन ओळींत. उत्तर लगेच आलं, त्यावरूनच कळलं ते माणसानं लिहिलेलं नाही. माझं मत त्यांच्यासाठी मोलाचं होतं.

परीक्षेला तीन आठवडेही नव्हते. प्रल्हाद पिशवी घेऊन हिंगोलीला आला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, “रडायला टाइम न्हाई. आता माइक नको. समोर बसतो, वाचा.” थोडं थांबून म्हणाला, “अन् ताई, नुसतं पुस्तक. मत न्हाई.”

वीज असली की गिऱ्हाइकं, वीज गेली की वाचन. ज्या भारनियमनाला मी शिव्या घातल्या, त्याचीच आता वाट बघू लागले. अंधारलेल्या दुकानात दारालगत उजेडाला बसून मी घटना वाचायची आणि तो मांडीवर बोटांनी काहीतरी मोजत ऐकायचा. झेरॉक्ससाठी थांबलेली माणसंही ऐकायची. एका शेतकऱ्यानं मला मध्येच थांबवून विचारलं, “हे खरंच लिव्हलंय त्यात?” मला पुष्कळ बोलायचं होतं. मी म्हणाले, “हो,” आणि पुढचं कलम वाचलं. आयुष्यात इतकं गप्प मी कधी राहिले नव्हते.

भाऊंचा इतिहास मागे पडला. मालक माणूस, दर पाच मिनिटांनी कुणी ना कुणी हाक मारायचा. प्रल्हाद निघाला त्या दिवशी स्वातंत्र्यलढ्याची शेवटची प्रकरणं राहिलीच होती. चाचांनी भोंग्यावरून औरंगाबाद गाडी सांगितली. मी चाचांना विचारलं, दहा मिनिटं थांबवता येईल का? चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. भाऊ पुस्तक काखेत मारून गाडीत चढले.

“कुठवर?” मी खिडकीतून विचारलं.

“औंढ्यापर्यंत संपतं.”

औंढ्यापर्यंत संपलं नाही. पुढचे प्रवासी कुरकुरायला लागले, मग एकाला ते प्रकरण आवडलं आणि त्यानंच बाकीच्यांना गप्प केलं. भाऊ जिंतूरला उतरले आणि मिळेल त्या जीपनं परत आले. घसा पार बसला होता. चालू दिवशी त्यांनी दुकान सोडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. “जेवढं झालं तेवढं झालं,” ते कुजबुजले. “उरलेलं त्याच्या डोक्यात असंलच.”

परीक्षा झाली. निकाल लागायला पावसाळा उलटला. नेटवर यादी आली तेव्हा दुकानात मी एकटीच होते. वरून खाली पाहिली, मग खालून वर. प्रल्हादचा नंबर नव्हता. थोडक्यात हुकलं हे नंतर कळलं, पण किती थोडक्यात ते नाही.

फोन मीच केला. तो म्हणाला, “बरं.” मग माझीच समजूत घालत बसला.

आता तो औरंगाबादला एका खासगी शिकवणीत मुलांना इतिहास आणि राज्यघटना तोंडी शिकवतो. मुलं सांगतात, सर पुस्तक न उघडता पानाच्या पान म्हणतात. दुकानात आम्ही अजून मशीनं झाडतो. आधी त्या फोल्डरचा प्रोग्राम बंद करतो, मग झाडतो. भिंतीवर भाऊंनी तसा कागद लावला आहे. कंपनीनं त्यानंतर आणखी दोनदा दर बदलले. दर वेळी ईमेल आलं की मी आधी शेवट वाचते.

पण निकाल लागला तेव्हा मात्र मला चैन नव्हतं. विषयवार गुण आले की कळणार होतं. भूगोल आणि अर्थशास्त्रात तो कमी पडला असेल तर गोष्ट वेगळी होती. इतिहासात आणि घटनेत पडला असेल, तर आम्ही पुसलेल्या आवाजांमुळे पडला. मी वाट बघत राहिले, कारण सरकारी कागद आला की तो घेऊन प्रल्हाद आमच्याकडेच येई.

दिवाळीच्या सुमारास तो आला. तांड्यावर घरी चालला होता. चाचाही डेपोतून येऊन बसले होते. चहा आला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, “गुणपत्रिका आली का रे?”

“आली ना. मागंच आली.”

“मग आणली नाहीस?”

“तिकडं वसतिगृहातल्या एका पोराकडून वाचून घेतली.”

“कशात गेले?”

“सगळ्यात थोडे थोडे गेले, ताई.”

मी पुन्हा विचारणार होते. त्यानं टेबलावर हात फिरवून कप शोधला, एक घोट घेतला आणि चेहरा चाचांच्या दिशेला वळवला.

“चाचा, सेनगावची गाडी कितीला हाय?”